पिवळ्या रंगाचा डबा

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी वहिनीकडे बघितलं असशील, आणि 'माझ्याकडे काय बघताय, फोडा की' असं ती म्हणाली असेल. मी तिला बजावून ठेवलंय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं, वाचून दाखवायचं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी 'बरं' म्हणते, की संपलं. गेल्या तीन वर्षांतलं आपलं एकूण बोलणं गोळा केलं तर एका पोस्टकार्डावर मावेल. मावशीच्या घरच्या लग्नात एकाच टेबलावर जेवलो तेव्हा मी 'मीठ दे' म्हटलं आणि तू 'घे' म्हणालास. तेही मीठ न बघता सरकवलंस, अर्धं माझ्या मांडीवर सांडलं. असो. पत्रात मधेच कोणी तोडत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. चहा घेऊन बस, लांबण लावणार आहे.

आधी बातमी. तुझ्या भाचीला नोकरी लागली. रक्त तपासायच्या मोठ्या प्रयोगशाळेत, कायमची. लहानपणी गुडघा खरचटला तर घर डोक्यावर घेणारी पोरगी आता दिवसभर दुसऱ्यांचं रक्त बघणार! जागा इथून दोन तासांवर आहे, रस्ता सगळा चढउताराचा. एक तारखेला रुजू व्हायचंय आणि आपली निळी गाडी ती बरोबर नेणार आहे. निळी म्हणजे तीच, तू हुडकून दिलेली. गाडी चालवायला ती छान शिकली आहे, पण उतार दिसला की गाणं म्हणायला लागते, म्हणजे घाबरते. तेव्हा ती इथून निघायच्या आत गाडीचे ब्रेक चोख झाले पाहिजेत, एवढी एकच गोष्ट सध्या माझ्या डोक्यात आहे. आज सतरा तारीख. हे सगळं तुला का सांगते आहे ते येईलच पुढे.

बाकी आम्ही मजेत. साहेब निवृत्त होऊन वर्ष झालं. आमच्या लग्नात तू त्यांना साहेब म्हणायला लागलास तो शब्द असा चिकटला की आता दूधवालासुद्धा तेच म्हणतो. माझं शिवणकाम जोरात आहे. पुढच्या खोलीत आता दोन मशीन आहेत, खिडकीपाशी कापायचं मोठं टेबल आहे, आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली निळी. दुपारपर्यंत मी आत कपडे शिवते आणि चारनंतर बाहेर गाडीखाली असते. गिऱ्हाइकं आता रुळली आहेत. परवा एक बाई कोटाच्या फिटिंगला आल्या आणि मला गाडीखालून पाय बाहेर काढताना बघून म्हणाल्या, हात धुतलेत ना? मी म्हटलं, दोनदा. खरं म्हणजे तीनदा धुते, रॉकेल, साबण आणि पुन्हा साबण. नखांतलं काळं मात्र जात नाही. बाबांचंही कुठे जायचं?

आता त्या दिवसाचं. तू विसरला नसशील, मी तर त्याचं लोणचंच घालून ठेवलं होतं. मी तुझ्या गॅरेजवर गाडी न्यायला आले, बिल हातात घेतलं. पुढचे ब्रेक पॅड, ऑइल, मजुरी. तीनच ओळी, पण खालचा आकडा मी दोनदा वाचला. मी हळूच विचारलं की एवढे कसे झाले. आणि तू, चार माणसं उभी असताना, मान वर न करता म्हणालास की बहीण आहे म्हणून हिशेब बदलत नाही, परवडत नसेल तर स्वतः करून बघावं. दादा, मी फुकट मागितलं नव्हतं रे. मी नुसतं विचारलं होतं. पाकिटातले सगळे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, तुझ्या गॅरेजची पायरी पुन्हा चढणार नाही. तुझ्या गॅरेजला पायरीच नाही, नुसता उतार आहे, हे घरी आल्यावर लक्षात आलं. पण बोललेलं बोललं.

त्या रात्री जेवताना मी साहेबांना सांगितलं की यापुढे गाडीचं सगळं मी करणार. त्यांना वाटलं राग आहे, सकाळी उतरेल. सकाळी मी ग्रंथालयातून गाडीदुरुस्तीचं पुस्तक आणलं. इतर गॅरेजांतही विचारून बघितलं होतं, नाही असं नाही. एकाने नुसतं बॉनेट उघडून 'बरंच काम आहे' म्हणायचे पैसे सांगितले! मग मी हट्टालाच पेटले. आधी प्लग बदलले, मग हवेचा फिल्टर, मग ऑइल. ऑइल बदलताना खाली घमेलं ठेवायचं विसरले, तो डाग अंगणात अजून आहे आणि साहेब पाहुण्यांना तो आवर्जून दाखवतात. पण दादा, मला ते जमायला लागलं. तीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला पट्टा ढिला झाला की आवाजावरून कळतं, मग तो मशीनचा असो की इंजिनाचा. कुठे तेल द्यायचं, कुठे द्यायचं नाही, किती ताण म्हणजे पुरे, हे सगळं हाताला माहीतच होतं. साहेब स्टुलावर बसून पुस्तक वाचून दाखवायचे, अगदी ऑफिसातलं परिपत्रक वाचल्यासारखं. 'सूचना क्रमांक चार. उपरोक्त नट सैल करावा.' मी खालून ओरडायचे की उपरोक्त म्हणजे कुठला, तर म्हणायचे की चित्रात बाण आहे. असे आमचे संसाराचे रंग. खरं सांगू, पंचवीस वर्षांत आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो.

एकदा मात्र मी फार मोठी चूक केली. कोणाला सांगितलेली नाही, तुला सांगते. मागची चाकं पुढे आणि पुढची मागे करत होते. मापाचा कपडा आम्ही आधी कच्चा टाचतो, म्हणजे लांब लांब टाके घालून नुसता धरून ठेवतो, अंगावर घालून बघतो, आणि मग पक्की शिलाई मारतो. तसंच मी चाकांचे नट आधी सगळीकडे हाताने फिरवून ठेवले. गाडी जॅकवरून खाली घ्यायची आणि पान्याने पक्के आवळायचे, असं ठरलं होतं. गाडी खाली घेतली आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मी आत गेले, बाह्यांचं माप घेत बसले, आणि साहेबांना वाटलं काम झालं. ते गाडी घेऊन पोरीला क्लासवरून आणायला गेले. अर्ध्या तासाने माझ्या हातातली टेप खाली पडली. पक्की शिलाई राहिली होती, दादा.

कशी धावले ते मला आठवत नाही. अंगावर पिना लावलेला ॲप्रन, हातात चाकाचा पाना, रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती. सायकलवाले मागे टाकून जातील अशा बेताने साहेब गाडी चालवतात, आणि त्यावरून मी त्यांना जन्मभर टोमणे मारले. त्याच चालीने त्या दिवशी दोघांना वाचवलं. पुढच्या चाकातून टकटक आवाज आला तसे त्यांनी बसथांब्यापाशी गाडी उभी केली आणि बाप-लेक शेंगदाणे खात बसले होते. दोन नट गळून पडले होते, तिसरा पडायच्या बेतात होता. मी तिथेच खाली बसून आवळायला लागले आणि आवळता आवळता रडायला लागले. पोरीला वाटलं मला शिंक येते आहे. साहेबांना सगळं कळलं होतं. घरी आल्यावर फक्त म्हणाले की पुस्तकात यासाठी सूचना नाही, आपण लिहू या.

त्या दिवशी मला बाबांचा पिवळ्या रंगाचा डबा आठवला. ते चालवायचे ती बेकरीची गाडी स्वतःच दुरुस्त करायचे, तू नट आवळायचास, आणि प्रत्येक नट आवळून झाला की मी त्यावरून ब्रशने पिवळी पट्टी ओढायचे, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. पट्टी दिसली म्हणजे आवळलेला, पट्टी मोडली म्हणजे सैल झालेला. मला वाटायचं मला गप्प बसवायला दिलेलं ते काम आहे. सगळ्यांत महत्त्वाचं काम मलाच दिलं होतं हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. मग मी पोरीच्या टेबलावरून नखांना लावायचं लाल पॉलिश उचललं. तेव्हापासून मी हात लावलेल्या प्रत्येक नटावर लाल पट्टी असते. पोरगी म्हणते, आई, गाडी माझ्यापेक्षा जास्त नटते.

आता गेल्या आठवड्यातलं. ब्रेक करायचे ठरवलं म्हणून गाडी चार लोखंडी स्टँडवर चढवली. पुढचे पॅड बदलले, तो माझ्या हातचा मळ आहे आता. मग मागची चाकं काढली. मागच्या ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाआडचं ते लोखंडी झाकण, मी कधी उघडलाच नव्हता, कारण बिलात तो नव्हता, आणि माझा सगळा अभ्यास तुझ्या बिलापासून सुरू झालेला. ड्रम निघता निघेना, हातोडीने ठोकून ठोकून एकदाचा काढला. आत तीन वर्षांची काळी धूळ. ओल्या फडक्याने पुसायला लागले आणि एका बोल्टावर पिवळं दिसलं. मला वाटलं गंज असेल. अजून पुसलं. पिवळी पट्टी होती, अर्धी बोल्टावर, अर्धी लोखंडावर. शेजारच्या बोल्टावरही. ब्रेकचं तेल दाबणारा सिलिंडर नवा होता, म्हणजे तीन वर्षांपूर्वी नवा. मी सरपटत दुसऱ्या बाजूला गेले, तो ड्रम उघडला, तिथेही तेच. मग तेलाच्या नळीच्या जोडांवर बॅटरी मारून बघितलं, तिथेही. गाडीखाली मी एकटी, नाकाला तेल लागलेलं, आणि जिकडे बघावं तिकडे तू.

तुझं बिल मी टाकलं नव्हतं. कापायच्या टेबलावरच्या फळीला टाचून ठेवलं होतं, रोज दिसावं आणि राग ताजा राहावा म्हणून. ते काढून साहेबांना वाचायला दिलं. पुढचे ब्रेक पॅड, ऑइल, मजुरी. म्हटलं पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते म्हणाले, अगं, मागच्या ब्रेकचा यात उल्लेखच नाही. मी म्हटलं, तेच तर. मग मी वहिनीला फोन लावला. तिने आधी आढेवेढे घेतले, मग सगळं सांगितलं. की मागचे दोन्ही सिलिंडर गळत होते, गाडी तशी देणं शक्य नव्हतं, आणि लिहिलं तर हिला झेपणार नाही आणि फुकट म्हटलं तर ही घेणार नाही, म्हणून तू नवे गुपचूप बसवलेस. आणि त्या दिवशी मी यायच्या आधी तासभर एक गिऱ्हाईक बिलावरून तुझ्याशी भांडत होतं, तो माणूस तिथेच उभा होता, त्याच्यासमोर तुला बहिणीला सूट दिलेली दाखवायची नव्हती. तीन वर्षं मी तुला शिव्या घालत त्याच ब्रेकवर गाडी थांबवत होते! तुझे सिलिंडर अजून ठणठणीत कोरडे आहेत, थेंबसुद्धा नाही. हात आहे तुझा.

माझं चुकलं, दादा. तीन वर्षं चुकलं. हे लिहिताना मला रडू येतंय आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण ते वाक्य तू चारचौघांत बोलायला नको होतंस, ते तुझंही चुकलंच. घरी येऊन सांगितलं असतंस तर मी दोन दिवस भांडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुला जेवायला बोलावलं असतं. तू सांगणार नाहीस आणि मी विचारणार नाही, असे आपण दोघे. बाबा असते तर दोघांचे कान धरून एकाच चाकाशी बसवलं असतं.

वहिनी हेही म्हणाली की पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला गाडीखाली झोपायची बंदी केली आहे. तू गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून दिवसभर इतरांच्या चुका काढत बसतोस, आणि सगळे कंटाळलेत. ऑपरेशन झालेलं मला चार महिन्यांनी कळलं, यासाठी तुला वेगळं बोलणार आहे. समोरासमोर.

तर आता कामाचं. मागचा एक रबरी पाइप तडकला होता, तो मी बदलला. पाइप काढला म्हणजे ब्रेकच्या तेलात हवा शिरली, आणि ती काढायला माणसं दोन लागतात, हे मी तुला काय सांगायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून स्क्रू सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं. साहेबांना बसवून बघितलं. ते 'सोडू का?' असं विचारता विचारताच सोडतात, आणि गेलेली हवा परत आत. आठ वेळा झालं, मी हात टेकले. पण खरं सांगते, पोरीला बसवता आलं असतं, शेजारणीला बसवता आलं असतं, पेडलला पाय कोणाचाही चालतो. मला तुझा हवा आहे. लहानपणी माझा पाय पुरायचा नाही म्हणून मी सीटच्या टोकावर लोंबकळून पेडल दाबायचे आणि तू खालून ओरडायचास, दाब, धर, सोडू नकोस, टाचणे. आता तू वर बस. पाठीला उशी देते. खाली मी झोपेन आणि ओरडेनही मीच. मी तुझ्याकडे गाडी आणू शकत नाही, कारण ब्रेक नाहीत, आणि पायरी न चढायची शपथ आहे ती वेगळीच. तेव्हा तूच ये, रविवारी सकाळी ये. त्या पाइपाचे नट मी पक्के आवळले आहेत, दोनदा तपासले आहेत, पण त्यांच्यावर लाल पट्टी ओढलेली नाही. तुझी भाची त्या उतारांवरून जाणार आहे, तिच्या ब्रेकवर मला पिवळी हवी आहे. बाबांचा डबा तुझ्याकडेच आहे, घेऊन ये. आणि रंग वाळून गेला असला, तर तसाच ये.

तुझीच,
टाचणी